शेवटच्या डब्यावरची फुली

१

दोन पाकिटं एकाला एक चिकटवून सोडायची आणि पलीकडच्या टोकाला ती किती अंतरानं पोचतात ते बघायचं, हे माझं काम. पाकिटं म्हणजे इंटरनेटच्या तारेतून जाणारी माहितीची पाकिटं. लोकांना वाटतं, इंटरनेट मोजायचं म्हणजे मोबाईलवर तो काटा फिरवायचा आणि मग कंपनीला फोन करून शिव्या घालायच्या. तो झाला वेग. मी वाटेची कुवत मोजते. वाट कितीही लांब असली तरी तिच्यात एखादी जागा सगळ्यांत अरुंद असते, आणि अख्ख्या वाटेतून काय जाऊ शकेल ते ती एकटी जागा ठरवते. ती सापडली की रुंद करून घ्यायची. आमची कंपनी रायपूरची, छोटीशी, आणि गिऱ्हाइकं म्हणजे उरला-भनपुरीकडचे कारखाने.

"पर पता कैसे चलता है, मम्मी?" श्रावणीनं एकदा विचारलं. श्रावणी माझी मुलगी, सात वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देते.

तिला दाखवायला मी आमच्या बोळात घेऊन गेले. आम्ही तेव्हा तात्यापाऱ्यात राहायचो, एका भांड्यांच्या दुकानाच्या मागे. रस्त्यावरून घराकडे यायला दुकानाचं गोदाम आणि शेजारची भिंत यांच्यामधून एक बोळ होता. मध्ये एक वळण, त्यामुळे या तोंडाशी उभं राहिलं की ते तोंड दिसायचं नाही. दोन माणसं शेजारी शेजारी चालूच शकायची नाहीत. मी श्रावणीला आणि तिच्या पप्पांना, म्हणजे इंद्रजीतला, रस्त्यावर हात धरून उभं केलं आणि स्वतः घराकडच्या तोंडाशी जाऊन थांबले. "या!" म्हटल्यावर दोघं शिरली. आधी इंद्रजीत बाहेर आला, मग श्रावणी.

"निघालात तेव्हा शेजारी शेजारी होतात ना? मग मधे हे अंतर पडलं. जागा जितकी अरुंद, तितकं अंतर मोठं. आणि पुढे कितीही रुंद रस्ता लागला तरी ते तसंच राहतं, कारण दोघं सारख्याच वेगानं चालतायत."

"पप्पा रुक जाएँगे न मेरे लिए," ती म्हणाली.

पाकीट कुणासाठी थांबत नाही, असं मी सांगितलं. तिला ते आवडलं नाही. मग इंद्रजीतनं तिला खांद्यावर घेतलं आणि विषय संपला.

२

त्या बोळाचे खरे मालक मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे, हिरालाल. धमतरीच्या छोट्या लाईनवर स्टेशनमास्तर होते. ती लाईन उखडली गेली, मामाजी रिटायर झाले, पण त्यांच्या डोक्यातली लाईन काही उखडली नाही. सकाळचे पोहे झाले की प्लास्टिकची खुर्ची घेऊन बोळाच्या रस्त्याकडच्या तोंडाशी, दुकानाच्या सावलीत जाऊन बसायचे. बोळ म्हणजे सिंगल लाईन. समोरासमोर दोघं आले की एकाला उलट पावली मागे जावं लागायचं, म्हणून त्यांनी नियम घालून दिला होता. मामाजी "लाईन क्लिअर" म्हणाले की मगच शिरायचं. मागच्या घरांतले सगळे, दूधवाला, गॅसवाला, हसत हसत का होईना, तो पाळायचे.

पण लाईन क्लिअर द्यायच्या आधी, आत गेलेली गाडी पलीकडे पोचल्याचं कळायला हवं.

"गाडी आली म्हंजे निस्तं इंजिन आलं असं नसते, रीना," ते मला शिकवायचे. "मधातच डबे तुटले तं? इंजिन येते निंघून अन् डबे राह्यते सेक्शनमधी. म्हून शेवटच्या डब्याच्या मागं पिवळी फुली असते. पलीकडल्या मास्तरनं ते फुली आपल्या डोळ्यानं पाह्यली, का मंग सांगायचं, गाडी पूर्ण आली. त्याच्या शब्दावर मी दुसरी गाडी सोडतो. चुकीचा शब्द देल्ला, का माणसं मेली."

श्रावणीच्या दप्तरावर मागे त्यांनी पिवळ्या चिकटपट्टीची मोठी फुली लावली होती. दुपारी शाळेची व्हॅन तिला रस्त्यावर सोडायची. मामाजी ओरडायचे, "गाडी सुटली!" श्रावणी बोळातून धावत यायची, तिची पाण्याची बाटली दप्तरावर टकटक आपटायची. घराकडच्या तोंडाशी मी उभी असायचे. ती आली की माझ्याकडे पाठ करून दप्तर दाखवायची, मी ओरडायचे, "फुली दिसली!" आणि पलीकडून उत्तर यायचं, "लाईन क्लिअर!" हातातलं काम टाकून उठावं लागायचं म्हणून मी कुरकुर करायचे. पण दिवसभरात मला मनापासून आवडणारी तीच एक गोष्ट होती.

३

त्या उन्हाळ्यात उरल्यातल्या एका बंद पडलेल्या रोलिंग मिलचं काम आलं. तिथपर्यंत गेलेली आमची लाईन नुसती पडून होती. नवीन मालकाला ती हवी होती, त्याआधी तिची कुवत मोजून द्यायची होती. विकीनं, म्हणजे आमच्या फील्डवरच्या माणसानं, मिलच्या ऑफिसात पाकिटं सोडायचं यंत्र बसवलं. दुसरं टोक माझ्या घरी. मला घरून काम करता यावं म्हणून कंपनीनं तार बोळातून आणून दिली होती. रस्त्यावरच्या खांबावरून उतरायची आणि बोळाच्या भिंतीला धरून थेट माझ्या टेबलापर्यंत यायची.

रिकामी लाईन मोजायला सोपी. वाटेत दुसरं कुणी नसतं, त्यामुळे दोन पाकिटांमधलं अंतर दर वेळी सारखं येतं. माझं येईना. बऱ्याच जोड्या नीट यायच्या, आणि मग एखादी अशी यायची की पहिलं पाकीट वेळेवर आणि दुसरं फार मागे. याचा अर्थ आमच्या कामात एकच होतो. दोघांच्या मध्ये तिसरं कुणीतरी शिरलं.

गर्दीच्या लाईनवर हे सारखं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गर्दीत जे मध्ये शिरतं तेही कुठेतरी पोचतं, दिसतं. इथे माझ्याकडे पोचायची दोनच पाकिटं. मध्ये काय होतं ते दिसत नव्हतं, त्यानं अडवलेली जागा तेवढी दिसत होती.

मी विकीला फोन लावला. तो अजून मिलमध्येच होता.

"विकी, त्या लाईनला अजून काय जोडलंयस?"

"काही नाही, दीदी. इथं हायेच काय? मशिनी बंद, लाईट या एकाच बोर्डाले. मी अन् कबुतरं."

"एकदा चक्कर मारून बघ ना."

तो चालायला लागला. मोठ्या शेडमध्ये त्याच्या बुटांचा आवाज घुमत होता. लोखंडी पत्र्यावरून गेला, मग मातीवरून. मग तो थांबला. बूट मात्र अजून थोडे चालले. शेड मोठी आहे, आवाज भिंतीवर आपटून उशिरा येतो, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही असेल.

"दीदी, तुम्ही आता काही बोलल्या का?"

"नाही."

"हव. मले वाटलं." त्याचे बूट पुन्हा वाजायला लागले, आता घाईनं. "मी निंघतो इथून. ऊन लय झालं."

४

लाईनवरच्या प्रत्येक थांब्यापर्यंत वेगळं मोजता येतं. तसं मोजल्यावर अरुंद जागा सापडली ती भनपुरीला. तिथल्या एका खोलीत पाकिटं पुढे धाडणारं जुनं स्विच होतं, कुवत फार थोडी. म्हातारं यंत्र आहे, पाकिटं रेंगाळत असतील, असं ठरवून मी निश्चिंत झाले. विकीनं ते काढून नवीन बसवलं. त्यानंतर लाईन अशी झकास आली की मी रिपोर्ट लिहायला घेतला.

रिपोर्ट पुरा व्हायच्या आत ते अंतर परत दिसलं. आता ते भनपुरीच्या अलीकडे, माझ्या बाजूला होतं. मी रोज थांबा थांबा तपासत गेले आणि ते रोज एक थांबा अलीकडे यायचं. शेवटी आमच्या रस्त्यावरच्या खांबापर्यंत सगळं साफ आलं, आणि खांबापासून माझ्या टेबलापर्यंत अरुंद. मी घरातलं यंत्र बदललं. काही फरक नाही. म्हणजे दोष बोळातल्या तारेत. आणि नुसत्या तारेत, मध्ये कसलंही यंत्र नसताना, अरुंद जागा असूच शकत नाही. हे मी नवीन पोरांना ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवते.

अंतरावरून मध्ये शिरलेल्याचा आकारही काढता येतो. तो मी काढला आणि चूक झाली असेल म्हणून पुन्हा काढला. पाकिटाच्या आकाराला एक मर्यादा असते. हे त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे होतं, आणि दर दिवशी वाढत होतं. कुठेही न तुटता काहीतरी लांबलचक माझ्याकडे येत होतं.

आमच्या घरात बुद्धवंदना होते, भूतखेत होत नाही. मामाजींनी आयुष्यात लिंबू पिळलं ते पोह्यांवर. माझ्या माहेरीही तेच. त्यामुळे अशा वेळी जे शब्द लोकांच्या तोंडी पटकन येतात, ते माझ्याकडे नव्हतेच. माझ्याकडे फक्त 'मोजण्यात चूक' हे शब्द होते, आणि चूक सापडत नव्हती.

५

एका दुपारी, मामाजी जेवायला आत आलेले असताना, मी तार बघायला बोळात गेले.

क्लिपा जागच्या जागी होत्या. तार कुठे दबलेली नाही, उंदरानं कुरतडलेली नाही. एक हात तारेवर ठेवून मी हळूहळू रस्त्याच्या दिशेनं जात होते. पाठीमागे आमच्या कूलरची घरघर चालू होती, ती बोळात शेवटपर्यंत ऐकू यायची. वळणावर आले आणि ती बंद झाली. लाईट गेली, असं मला वाटलं. एक पाऊल मागे आले, तर घरघर चालूच. पुढे गेले, बंद. रस्त्याचाही आवाज नाही. तात्यापाऱ्यात भर दुपारी हॉर्नचा आवाज नाही, हे कुणाला सांगून पटणार नाही.

मी थांबले. माझ्या चपलांचा आवाज थांबला नाही. तो मागून आला, माझ्याच चालीनं, आणि मग थांबला. दरम्यान बराच वेळ गेला होता.

मी वळून बघितलं नाही. बोळ इतका अरुंद, की वळायचं म्हटलं तरी खांदे भिंतीला घासतात. माझ्या डाव्या खांद्याला भिंत लागत होती. उजवा खांदाही कशाला तरी टेकलेला होता, आणि दुपारच्या भिंतीसारखं ते तापलेलं नव्हतं. मी सरळ पुढे रस्त्यावर गेले आणि दुकानदाराकडे विनाकारण एक चमचा बघायला मागितला. मी घाबरले होते, आणि घाबरल्याचा मला रागही येत होता.

६

दुसऱ्या दिवसापासून मामाजींनी लाईन क्लिअर देणं बंद केलं.

दूधवाला उभा, गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा. "लाईन क्लिअर नाही," मामाजी म्हणायचे. "अंदर गाडी हाये." लोक आधी हसले, मग वैतागले, मग त्यांना न जुमानता आत शिरायला लागले. त्यांना काही झालं नाही. फक्त प्रत्येक जण घरापाशी आल्यावर एकदा मागे वळून बघायचा. कुणाला तरी वाट द्यावी तसा बाजूला व्हायचा आणि मग आपल्या कामाला लागायचा. कुणी त्यावर काही बोललं नाही. मी खिडकीतून बघत असायचे म्हणून मला माहीत.

मी मामाजींना एकट्यात विचारलं, "तुम्ही काय बघितलं?"

"पाह्यलं काही नाही. डोळे कुठं हायेत मले? पण चाळीस वर्सं गाड्या घेतल्या, बाई. गाडी आत असली का कळते." ते खाली जमिनीकडे बघत होते. "कितीक दिवसापासून शिरूनच राह्यली. शेवटचा डबा काही येऊन नाही राह्यला."

इंद्रजीतनं हे ऐकलं आणि त्याचा पारा चढला. तो रेल्वेच्या वर्कशॉपात आहे, दिवसभर लोखंडाशी गाठ, त्याला अशा गोष्टी सोसत नाहीत.

"बाबांचं वय झालं, मी समजू शकतो. तुले काय झालं? तू तं इंजिनियर हायेस नं? पोट्टी ऐकून राह्यली सगळं. आता तिले त्या गल्लीत पाठवू नोको म्हणतेस, उद्या शाळेत पाठवू नोको म्हणशीन!"

"मी मोजलंय, इंद्रजीत."

"मंग मोजण्यात चूक असन!"

माझंच वाक्य. मग तोच म्हणाला, "उद्या मी हाफ डे घेतो. व्हॅनमधून मी तिले उतरवतो अन् हात धरून आणतो. पुढे मी, मागे ती. मंग तुम्ही दोघंही गप बसान." मी हो म्हटलं. तो खरा ठरावा आणि मी चुकीची, असं मला त्या वेळी फार मनापासून वाटत होतं. श्रावणीचा हात त्याच्या हातात असणार होता, मग काय होणार?

७

व्हॅनचा हॉर्न वाजला. मी घराकडच्या तोंडाशी उभी होते. मामाजींचा आवाज आला नाही. इंद्रजीतच हसत ओरडला, "गाडी सुटली!"

त्याच्या बुटांचा आवाज आणि बाटलीची टकटक, दोन्ही बरोबरच निघाले. बरोबरच जवळ आले. वळणापर्यंत मी दोन्ही ऐकत होते, जीव कानात आणून. मग बूट वळणाच्या अलीकडे आले आणि टकटक थांबली.

इंद्रजीत दिसला. हसत होता. एक हात मागे केलेला, मूठ मिटलेली, लहान मुलाची बोटं धरतात तशी.

"पाह्य. हाये का काही?"

त्याच्या मागे श्रावणी नव्हती. मागे वळणापर्यंत बोळ रिकामा होता. पण त्याचा हात सैल नव्हता. तो हलकेच मागे ओढला जात होता, आणि त्याच्या बोटांवरची कातडी दबून पांढरी झाली होती. त्यानं कुणाला धरलेलं नव्हतं, त्याला कुणीतरी धरलेलं होतं.

तेवढ्यात वळणाच्या पलीकडून, फार लांबून, श्रावणी रडवेली होऊन ओरडली, "पप्पा, रुको न! हाथ क्यों छोड़ दिया?"

इंद्रजीतच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं. त्यानं मान वळवून आपल्या हाताकडे बघितलं. मूठ उघडली आणि हात झाडला, झाडतच राहिला. मी श्रावणीच्या नावानं ओरडत होते. आत शिरायला हवं होतं, पण इंद्रजीत तोंडाशी उभा आणि त्याला ओलांडून जायला जागा नाही. मी त्याला ढकलत होते, मारत होते बहुतेक.

मग टकटक पुन्हा सुरू झाली, आणि कितीतरी वेळानं श्रावणी वळणावरून आली. डाव्या बाजूला भिंतीचा चुना लागलेला. मी तिला ओढून छातीशी धरलं. तिची उजवी बाजू, गालापासून पायापर्यंत, माठासारखी गार होती. पण आली होती. माझी पोरगी आली होती. मला एवढंच कळत होतं, आणि तिला घट्ट धरून मी सवयीनं ओरडले, "फुली दिसली!"

पलीकडून मामाजींचा आवाज आला, सुटका झाल्यासारखा.

"लाईन क्लिअर!"

श्रावणी माझ्या गळ्यात तोंड खुपसून सांगत होती, "वो मेरे बाजू से जा रहा था, मम्मी. खतम ही नहीं हो रहा था." मी तिचं दप्तर उतरवायला पाठीवर हात नेला. दप्तर उन्हानं विटलेलं, आणि मध्ये फुलीच्या आकाराचा भाग अजून नवा, गडद निळा. पिवळी पट्टी नव्हती. तिचा चिकटपणाही नव्हता.

८

ती लाईन मी निकामी ठरवली. आम्ही घरही सोडलं. आता एका कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरचा रस्ता असा रुंद की दोन ट्रक आरामात जातील. त्या दुपारबद्दल इंद्रजीत बोलत नाही. झोपतो तेव्हा तो हात उशीखाली घेऊन झोपतो.

श्रावणी बरी आहे. जेवते, खेळते, अभ्यासाला आळस करते. बेल सोडून दारावर खाली तळहातानं थापा मारायची तिची खोड तशीच आहे. फक्त मी काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागतो. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, कान उत्तम आहेत. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, ध्यान नहीं देती. पण ती लक्ष देते, मला दिसतं. मी म्हणते, "श्रावणी, भूक लागली?" ती माझ्याकडे बघत राहते, जसं तिच्यापर्यंत अजून काही आलंच नाही. मग तिचा चेहरा बदलतो आणि ती म्हणते, "हव." रस्त्यानं आम्ही हात धरून निघतो आणि थोड्याच वेळात ती मागे असते. मी थांबते तिच्यासाठी. ती येते, आम्ही पुन्हा निघतो, पुन्हा ती मागे. मी मनातल्या मनात अंतर मोजते. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजते. ते कमी होत नाही, उलट थोडं थोडं वाढतंय. तिला कुशीत घेऊनसुद्धा ती मला पुरती पोचत नाही, आणि हे दुःख मी कुणाला कुठल्या शब्दांत सांगू?

मामाजी आता वाटेवर खुर्ची टाकून बसत नाहीत. बाल्कनीत बसतात. मधूनच विचारतात, "रीना, त्या दिवशी फुली दिसली होती नं?" मी म्हणायचे, "दिसली होती, मामाजी." ते मान हलवायचे.

आज संध्याकाळी, उन्हं अजून होती, श्रावणी खाली घसरगुंडीपाशी खेळत होती. मी बाल्कनीतून हाक मारली, "श्रावणी, चल वर, दूध घे," आणि आत येऊन दूध तापायला ठेवलं. मामाजी मागोमाग आत आले. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. का कोण जाणे, आज माझ्यानं खोटं बोलवलं नाही.

"नाही दिसली. मी बघायच्या आधीच ओरडले. नंतर बघितलं तर फुली नव्हतीच."

मामाजी भिंतीला धरून खाली बसले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुह्या शब्दावर लाईन क्लिअर देल्ली मी," ते म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "आता एक कर, बाई. तिले हाक मारून बलावत नोको जाऊ. आपण जायाचं अन् हाताले धरून आणायचं. हाक मारली, का मधात जे हाये, ते तिच्या पह्यले पोचन."

जिन्यावर पावलं वाजत होती. मी ती मघापासूनच ऐकत होते. लहान पावलं, धावत चढणारी, आणि पाण्याची बाटली टकटक आपटत होती. पावलं आमच्या मजल्यावर येऊन थांबली. दारावर थाप पडली, खालच्या बाजूला, तळहातानं.

मामाजींनी माझं मनगट धरलं. मी ते सोडवून बाल्कनीत गेले आणि खाली बघितलं.

श्रावणी अजून घसरगुंडीपाशीच उभी होती. माझी हाक तिच्यापर्यंत आत्ता कुठे पोचली होती. तिनं मान वर केली, मला बघून हसली, आणि बाटली गळ्यात अडकवत म्हणाली, "आ रही हूँ, मम्मी!"